कोमट पाण्यावरचा आळ

सांडपाणी केंद्रात सगळे तिला गाळणीबाई म्हणत. एकोणीस वर्षं ती तिथे पाणी शुद्ध करत होती, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. नदीत सोडायचं शुद्ध पाणी ऐन थंडीतही कोमट असतं, ही ऊब फुकट घालवू नका, असं तिनेच वरच्यांना कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. अखेर यंत्र बसलं. पातळ पत्र्यांच्या थप्पीत एका बाजूने हे पाणी, दुसऱ्या बाजूने शेजारच्या वृद्धाश्रमाच्या खोल्यांत फिरणारं. मिसळत काही नाही, नुसती ऊब इकडून तिकडे. उन्हाळ्यात उलटं, खोल्यांतली उष्णता पाणी घेऊन जायचं.

एका हिवाळ्यात सकाळीच थोरल्या बहिणीचा फोन आला. ती वृद्धाश्रमात आया होती.

"अगं, दोन दिवस खोल्या गारठल्यात. म्हातारी माणसं कोट घालून जेवताहेत. यंत्रघराचे साहेब म्हणतात, तुमच्याकडूनच घाण पाणी येतं."

गाळणीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पाण्याचा नमुना काढला. काचेसारखा स्वच्छ. मग पान्हा उचलून तरातरा यंत्रघर गाठलं. पाणी आत शिरतं तिथलं झाकण उघडलं, तर जाळीच गायब! ती सापडली कोपऱ्यात, भिंतीला टेकून. पाणी कितीही शुद्ध असो, नळांमधला बुळबुळीत थर सुटून येतोच. तो अडवायला तर जाळी. तिने पाणी बंद करून यंत्र खोललं. पत्र्यांवर काळा चिकट लेप. खरवडून बादलीभर निघाला.

साहेबांची बैठक चालू होती. तिने बादली थेट टेबलावर आदळली.

"यंत्र कुणाला विचारून खोललंत?"

"जाळी कुणाला विचारून काढलीत?"

"रोज धुवायला माणूस नव्हता. तात्पुरती..."

"तात्पुरती? कोळ्याने घर केलंय तिच्यात! आणि आळ माझ्या पाण्यावर?"

"बाई, आवाज खाली."

"माझ्या आवाजाने कुणी गारठत नाही, साहेब."

दुपारपर्यंत तिने स्वतः पत्रे धुऊन जाळी बसवली. संध्याकाळी खोल्या उबदार झाल्या. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'पाण्यातील दोष दूर केला.' तिने सही करायला साफ नकार दिला. कागद तीन आठवडे अडला. शेवटी साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'जाळी काढल्यामुळे बिघाड.'

तिने सही ठोकली. राग मात्र उतरला नाही. साहेबांशी ती आजही कामापुरतंच बोलते.