पिशवीतल्या चपला

देवीची कृपा नेमकी कुठे झाली, ते मला अजून नीट सांगता येत नाही. माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर झाला आणि त्याला माझ्या मूळपेशी द्यायच्या ठरल्या. त्याच दिवशी मी गावच्या सातेरी देवीला नवस बोलले, की तो बरा होईपर्यंत अनवाणी चालेन. लालबागच्या चाळीतून परळच्या हॉस्पिटलपर्यंत मी तशीच जायची आणि गेटवर पिशवीतल्या चपला पायात सरकवायची. शिकलीसवरलेली बाई नवस करते म्हणून डॉक्टर हसतील, याची लाज वाटायची.

पेशी हाडांतून रक्तात उतराव्यात म्हणून मला रोज इंजेक्शन होतं. सगळं अंग ठणकायचं. चौथ्या दिवशी माझं सीआरपी फार वाढलेलं निघालं. शरीरात कुठे सूज असली की ते वाढतं. इंजेक्शननेही थोडं वाढतं, पण एवढं कसं, हे डॉक्टरांनाही कळेना. कारण सापडेपर्यंत माझ्या पेशी काढता येणार नव्हत्या. कुठे जखम आहे का, त्यांनी दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं. टाच ठसठसत होती, पण तेही इंजेक्शनचंच, अशी मी स्वतःची समजूत घातली. तिकडे जबर औषधं देऊन भावाच्या हाडांतली स्वतःची मज्जा संपवली होती. माझ्या पेशी मिळाल्या नाहीत तर तो वाचणार नव्हता. माझं डोकंच चालेना. बाकावर बसून मी देवीला विचारत राहिले, माझं कुठे चुकलं?

फरशी पुसणाऱ्या मावशी समोर थांबल्या. "रोज गेटवर चपला घालतेस, बघते मी. आज लंगडतेयस. डॉक्टरला बोललीस काय?"

"नवस आहे," मी पुटपुटले.

"मी जयभीमवाली, मला नवसाचं नाय कळत. पाय दाखव आधी." मी हलेना, तेव्हा त्यांनीच नर्सला हाक मारली.

टाचेत काच निघाली, भोवती पू. जखम साफ झाली, औषध सुरू झालं. जंतू रक्तात पसरले नाहीत याची खात्री करायला डॉक्टर एक दिवस थांबले आणि मग पेशी काढल्या. भावाच्या अंगात त्या रुजल्या.

माझ्याच नवसाने त्याचा जीव जात होता, की तो नवस मोडायला देवीनेच कुणाला धाडलं? विचार करून थकले, शेवटी तिच्यावरच सोडलं. आता मी तिला अटी घालत नाही.

भाऊ घरी आल्यावर मावशींना भेटायला गेले. "देवीच आली तुमच्या रूपाने," म्हणत वाकायला सवयीने चपला काढू लागले.

"ए, घाल आधी त्या!" मावशी ओरडल्या.

जन्मात पहिल्यांदा मी चपला घालून पाया पडले.