आप्पांनी लिहिलेले आठ

आप्पा पडल्याचा फोन आला तेव्हा मी सिल्वासाच्या ऑफिसात महिन्याच्या गुणपत्रकाच्या प्रती काढत होतो. गलोंड्याच्या बांधकामाच्या साइटवरचा वॉचमन हिंदीत काहीबाही सांगत होता. मी दवाखान्यात पोचलो तोवर सगळं संपलं होतं... डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याला आता दीड महिना झाला.

आप्पा बोरसे शिरपूरकडचे, आमच्या कंपनीचे क्वालिटी इंजिनिअर. सामरवरणीच्या एका खोलीत आम्ही चार वर्षं काढली. माणूस हट्टी आणि तिरकस. माझ्या पोळ्यांनाही गुण द्यायचे, दहापैकी तीनच्या वर कधी गेले नाहीत. आमचं कंत्राट नव्या पद्धतीचं होतं. मालक, डिझायनर आणि आम्ही ठेकेदार अशा तिघांचा एकच करार; भांडायचं नाही, आणि दर महिन्याला एका टेबलाशी बसून दर्जा, वेग, सुरक्षितता, सहकार्य अशा रकान्यांत दहापैकी गुण भरायचे. सरासरी घसरली तर पुढचं काम तिघांचंही जाणार, म्हणून सगळे सगळ्यांना आठ देत. एकदा आप्पांनी आपल्याच कंपनीच्या खांबांना चार दिले. वेग वाढवायला आम्ही पाणी मारणारी माणसं दुसरीकडे हलवली होती आणि नव्या काँक्रीटवरचं गोणपाट कोरडं ठणठणीत पडलं होतं; काही दिवस ओलं ठेवलं नाही तर काँक्रीट कच्चं राहतं. खरं तेच लिहिलं त्यांनी. बाकीच्यांनी आम्हाला सहकार्यात दोन दिले.

समजूत काढायचं काम माझ्याकडे आलं, मीच प्रोजेक्ट मॅनेजर. खानवेल रस्त्यावरच्या टपरीवर चहा पिताना मी म्हटलं, "आप्पा, पुढच्या वेळी आठ लिहा. साठ माणसांची रोजी आहे." ते खोटंही नव्हतं. आप्पांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"तुम्ही म्हनता म्हनून लिवतो, भाऊ. पन मंग ते आठचं काम कोनाले तरी करावं लागीन ना..."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी मजूर सावलीला बसले की आप्पा स्वतः पाइप घेऊन खांब भिजवू लागले. पोरं त्यांना माळीबुवा म्हणायची, मीही हसायचो. माणसं परत मागायचं धाडस मला झालं नाही. वेगाचे गुण गेले असते. मे महिन्यातल्या त्या दुपारी ते एका खांबाच्या बुडाशी सापडले, पाइप चालूच होता. मला फार लाज वाटते, आणि ती सांगायलाही मला दीड महिना लागला.

महिन्याची बैठक ठरल्या दिवशीच झाली. दोन मिनिटं उभे राहिलो, मग बसलो. आप्पांची खुर्ची माझ्या उजवीकडे, कुणी हलवली नव्हती. तिच्यावरून हात लांबवून डिझायनरने कागद माझ्याकडे दिला. सुरक्षिततेच्या रकान्यात त्याने आठ लिहिले होते, मालकानेही आठ. सगळे माझ्या पेनाकडे बघत होते...

मी आठ लिहिले.