मुकुंदचे उलटे सिंह

मुकुंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका ढालीवर निळा रंग लावत होतो. त्याच्या पुतण्याने हिंदीत सांगितलं, "काकाजी नहीं रहे," आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायलाही लाज वाटते... आता रायपुरात या कामात माझ्यापेक्षा सरस कुणी उरलं नाही.

काम म्हणजे टेबलावरच्या लढाईचं. मध्ययुगीन युरोपातले इंचभर उंचीचे सैनिक मागवायचे, रंगवायचे आणि रविवारी दुपारी फासे टाकून लढवायचे. चौबे कॉलोनीतला मुकुंद आणि तेलीबांध्याचा मी, असे दोघेच वेडे. नखाएवढ्या ढालीवर सरदार घराण्याचं चिन्ह काढणं ही खरी परीक्षा. मुकुंदने काढलेल्या सिंहाच्या पंजाची नखं मोजून घ्यावीत! माझा सिंह मात्र भिजलेल्या मांजरासारखा दिसायचा. "जमते बे दिलीप तुले, घाई नको करू," तो म्हणायचा आणि मी आणखीच जळायचो.

एकच गोष्ट माझ्या बाजूची होती. मी माझं सिंहांचं पथक त्याला दाखवलं, आणि महिनाभरात त्याच्या, मी तोवर न पाहिलेल्या पथकाच्या ढालींवरही अगदी माझ्यासारखे, उजवीकडे तोंड केलेले सिंह आले. त्याने माझी नक्कल केली होती! या एका गोष्टीवर मी कित्येक वर्षं जगलो. चारचौघांत बोलूनही दाखवायचो. तो हसून म्हणायचा, "हव, याचंच पाहून केलं मी."

तेरावं झाल्यावर वहिनींनी बोलावलं आणि पत्र्याचा एक डबा पुढे ठेवला. आत चाळीस ढाली होत्या, सैनिकांच्या हातांतून उपटून काढलेल्या. प्रत्येकीवरचा सिंह डावीकडे पाहत होता.

वहिनी म्हणाल्या, "तेव्हा मी म्हटलं, काहून उपटून राहिले? तर म्हणे, दिलीपचे सिंह उलटे झाले. सांगितलं तर तो ब्रशच ठेवून देईन. त्यापेक्षा मीच माझे उलटे करतो."

घरी येऊन पुस्तक उघडलं. सिंहाचं तोंड ढाल धरणाऱ्याच्या उजव्या हाताकडे, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे हवं. नाहीतर तो शत्रूला पाठ दाखवून पळाल्यासारखा दिसतो. माझं सगळं पथक इतकी वर्षं पळत होतं आणि मुकुंदला ते ठाऊक होतं. मला रडू आलं, पण त्याआधी राग आला. माझ्यापाशी जे एक होतं, तेही त्यानेच दिलेलं निघालं. चांगुलपणातसुद्धा हा माणूस माझ्या पुढेच!

वहिनींनी त्याचा शेवटचा, अर्धवट राहिलेला सैनिक माझ्याकडे दिला होता. ढाल कोरी होती. आता नियम मला ठाऊक आहे, तरी सिंहाचं तोंड मी उजवीकडेच केलं. परवा त्यांच्याकडे जाऊन काचेच्या कपाटात त्याच्या चाळीस जणांशेजारी तो उभा केला आणि बराच वेळ पाहत राहिलो. उलटे सगळेच होते... पण माझा तेवढा सोडला, तर पळणारा एकही वाटत नव्हता.