पत्र्याच्या शेडमधलं आमचं बोलणं

इंदिरानगरातल्या आमच्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे. आधी तिच्यात मोडक्या खुर्च्या, रंगाचे रिकामे डबे असलं सामान पडलेलं असे. शाळेतली माझी एक मैत्रीण, तिचा नवरा आणि देवळाली कॅम्पहून येणारे एक तबलेवाले अशी आमची चौघांची गाण्याची टोळी जमली, तेव्हा मी ती रिकामी केली. मी पेटी वाजवते. बरी वाजवते असं म्हणतात. म्हणणारे हे तिघंच आहेत.

लवकरच कॉलनीत कुरकुर सुरू झाली. पत्र्यामुळे तबला असा घुमायचा की दोन गल्ल्या पलीकडेही आमचा ठेका चुकलेला कळे. मग तबलेवाल्यांनी कॅम्पातल्या बाजारातून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणले. ते आम्ही भिंतींना, छताला चिकटवले, खाली कांद्याची जुनी गोणपाटं अंथरली, दाराला आतून गादी ठोकली. काम संपल्यावर मी मधोमध उभी राहून टाळी वाजवली. आवाज जागच्या जागी विरला. चौघंही खूश झालो. बाहेर जाऊन ऐकावं हे एकालाही सुचलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि ध्वनीचा धडा दरवर्षी घेते. ट्रेंनी फक्त आतला घुमारा खाल्ला होता, आवाज पत्र्यातून तसाच बाहेर जात होता, हे मला कळायला हवं होतं.

शेडला लागून कंपाउंडची भिंत, आणि भिंतीपलीकडे शेजारच्यांचं स्वयंपाकघर. तिथे मायलेकी राहतात. आईचे भाऊ शहराबाहेर भाजीपाला पिकवतात. मुलगी तिशीची, लग्न मोडून परत आलेली, एका दवाखान्यात कामाला जाते. आता त्रास होत नाही ना, असं मी तिच्या आईला एकदा विचारलं होतं.

"नाय हो मॅडम, काहीच ऐकू येत नाय," त्या म्हणाल्या. मला सोयीचं होतं, म्हणून मी लगेच विश्वास ठेवला.

पुढे एकदा मुलगीच आली. "काकू, मलाही यायचंय गायला." मी तिला अंगणातच एक गाणं म्हणायला लावलं. गळा गोड होता, पण वरच्या सुराला जाण्याआधी ती हुंदका दिल्यासारखा श्वास घ्यायची आणि मग घसरायची. थोडं शिकवलं असतं तर सुधारलं असतं. मी म्हणाले, "छान गातेस. शेडमध्ये जागा झाली की सांगते." शेडमध्ये जागा होती.

नकला करण्यात मी पटाईत. स्टाफरूममध्ये त्यासाठी मला मानाची खुर्ची असते. त्या शनिवारी चहा पिताना मी तिची नक्कल केली: तो श्वास, ती घसरण, मग ओढणी सावरत खाली बघणं. तिघं पोट धरून हसले. दाद मिळाली की मला थांबता येत नाही. दर शनिवारी फर्माईश होऊ लागली आणि मी दर शनिवारी त्यात भर घालत गेले. शेवटी एक वाक्यही जोडलं: "असं गायल्यावर कोण नांदवणार?" हे वाक्य माझंच.

एका शनिवारी शाळेत माझ्या वर्गाची पालकसभा लांबली. शेडची किल्ली मैत्रिणीकडे असते, म्हणून मला घाई नव्हती. फाटकाशी शेजारच्या आईंनी हाक मारली. "मॅडम, भावानं लय मेथी धाडलीय. या, जुडी घेऊन जा."

मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. मुलगी खाली बसून मेथी निवडत होती. भिंतीपलीकडून तबल्यावर हातोडी पडल्याचा टकटक आवाज आला, अगदी स्वच्छ. मला अजून नीट उमगलं नव्हतं, तोवर मैत्रिणीचा आवाज आला. ती तो हुंदका घेत होती. तिचा नवरा म्हणाला, "छे, मॅडम करतात तसं नाही जमत तुला." मग हसणं. मग माझं वाक्य, शब्द न् शब्द.

आईंनी उठून मिक्सर लावला. भांडं रिकामं होतं. त्यांचा हात बटणाकडे सवयीने गेला होता.

"बंद कर आई," मुलगी मान वर न करता म्हणाली. "आज त्या इथेच आहेत."

मिक्सर थांबला. पलीकडे हसणं चालूच होतं. आईंनी दोन जुड्या पिशवीत भरून माझ्या हातात दिल्या. "कोवळी हाय. आजच करा," म्हणाल्या. चोरी त्यांची पकडली गेल्यासारख्या त्या माझी नजर चुकवत होत्या. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेडमध्ये जाऊन मी तिघांना सांगितलं. मग मैत्रिणीचा नवरा हळू आवाजात म्हणाला, की त्या बाजूला विटांची भिंत घालायला हवी. भिंतीवर चर्चा सुरू झाली आणि मीही तिच्यात पडले. दारही दुहेरी करू, असं सुचवलं. बऱ्याच वेळाने ध्यानात आलं की आम्ही भिंतीबद्दलच बोलत होतो, बोलण्याबद्दल कोणी काही म्हणालं नव्हतं. मी पेटी उचलून घरात आणली.

पुढचे काही दिवस मी फाटकातून मान खाली घालून जात-येत होते. मग एका संध्याकाळी त्यांच्या दारात उभी राहिले. मुलीने दार उघडलं. मनात जुळवलेली वाक्यं सगळी पळाली.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

जाऊ द्या काकू, असं ती म्हणेल अशी मी वाट बघत होते, हेही तिला दिसलं असावं. स्वतःला हलकं करायच्या घाईत मी म्हणाले, "तू ये गायला. आजच ये. मी शिकवते तुला."

"नको काकू." आवाजात राग नव्हता. "घरी गाऊन बघते मी कधी कधी. पण वरचा सूर लावायला गेले की आधी तुम्हीच ऐकू येता. मग थांबते."