परसातले दोन खड्डे

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. वर्तन आनुवंशिकी म्हटलं की हरसूलच्या बाजारात एका काकांनी विचारलं होतं, "म्हणजे पत्रिका बघता का ताई तुम्ही?" नाही हो काका, आम्ही रक्त बघतो. राग, भीती, दारूची ओढ, डोक्याचे आजार, यातलं किती आईबापाकडून येतं आणि किती घरादारातून, ते शोधायचं. काका म्हणाले, "मग आमच्याकडं या. आमचा बाप लय तापट होता." असं चालतं. नाशकात या विषयातल्या नोकऱ्या बोटावर मोजण्याइतक्या, आणि त्याही प्रकल्प चालू आहे तोवर. माझ्या बरोबरच्या मुली सातपूर-अंबडच्या औषध कंपन्यांत लागल्या, त्यांची घरं झाली, मुलं झाली. मी जुळ्यांच्या मागे गावोगाव हिंडते.

जुळ्यांच्याच मागे का, तर जुळी दोन प्रकारची असतात. काहींचं रक्त अगदी एकसारखं असतं, आणि काही नुसतीच एका वेळी जन्मलेली भावंडं. एकाला मनाचा आजार झाला तर दुसऱ्याला होतो का, हे दोन्ही प्रकारांत बघितलं की त्यात रक्ताचा वाटा किती ते कळतं. एकसारख्या जुळ्यांत तो धोका कितीतरी जास्त असतो. हे मी आता झोपेतही सांगू शकते. झोप लागली तर.

मी स्वतः जुळी आहे.

आमचा जन्म निफाडजवळच्या मळ्यात, घरीच, सुईणीच्या हातून झाला. मूल झाल्यावर मागून जी वार पडते ती आमच्याकडे फेकत नाहीत. परसात खड्डा करून पुरतात आणि कुत्र्यामांजराने उकरू नये म्हणून वर दगड ठेवतात. आमच्या वेळी वडिलांना दोन खड्डे करावे लागले. सुईण म्हणाली, दोघींची वार वेगळी, म्हणजे पोरी वेगळ्या, एकीचं दुसरीला काही लागणार नाही. आमच्या घरात हे वाक्य देवाच्या तसबिरीसारखं भिंतीवर लागलं.

पुढे त्याची गरजही पडली. थोरली, म्हणजे माझ्या जरा आधी जन्मलेली, तिचा साखरपुडा झाला आणि लगेचच तिला आवाज ऐकू यायला लागले. पाण्याच्या टाकीमागून, पंख्यातून, कोणीतरी तिच्याचबद्दल बोलायचं. ती उलट उत्तरं द्यायची. आधी बाहेरचं झालंय म्हणून काय काय उतरवून झालं, मग नाशिकच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हणून सांगितलं. लग्न मोडलं ते मोडलंच. गोळ्यांनी आवाज बसले, अंगावर मांद्य चढलं, वजन वाढलं. आता ती घरच्या द्राक्षबागेत काम करते. आई मात्र येईल त्या पाहुण्याला सांगते, "धाकटीचं तसं काय नाय. दोन खड्डे केले होते आम्ही."

मीसुद्धा त्या खड्ड्यांच्या भरवशावर बिनघोर होते. एमएस्सीला आम्ही माश्यांच्या डोळ्यांचे रंग मोजले, माणसाची वार कोणी शिकवली नाही. प्रकल्पात रुजू झाले तेव्हा प्रकल्पप्रमुख मॅडमनी आम्हाला घरोघरी काय विचारायचं ते समजावून सांगितलं. बोलता बोलता म्हणाल्या, "वार वेगळी होती म्हणून जुळी वेगळी, असं घरचे सांगतील. लिहून घ्या, पण धरून चालू नका. एकसारख्या जुळ्यांचीही वार कित्येकदा वेगळी असते." आणि पुढच्या मुद्द्यावर गेल्या. बाकीच्यांनी वहीत ओळ लिहिली, मी नुसती मॅडमच्या तोंडाकडे बघत बसले.

त्यानंतर सायखेड्याला गेलो. दोन जुळे भाऊ, दोघेही टोमॅटोचे व्यापारी, ओट्यावर मांडी घालून बसलेले. मी ठरलेले प्रश्न विचारत होते. लहानपणी मास्तर तुमच्यात गल्लत करायचे का? शेजारचे करायचे का? आई कधी चुकली का? भाऊ हसून हसून सांगत होते, एकाच्या वाटचा मार दुसऱ्याने कसा खाल्ला ते. आणि मी मनात माझी उत्तरं देत होते. मास्तर चुकायचे. शेजारचे चुकायचे. आईने मला दोनदा पाजलं आणि थोरली उपाशी रडत राहिली, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक बारशाला हसत सांगतात. "ताई, पाणी देऊ का?" धाकट्या भावाने विचारलं. "तुमचा चेहरा उतरला."

तेव्हापासून मी भीतीने अर्धी झाले. खोटं कशाला बोलू? मिक्सर लावला की मध्येच बंद करायचा, आवाजात आवाज मिसळलेला नाही ना बघायचं. रस्त्यात दोघी हसल्या की वळून बघायचं, माझ्यावरच हसल्या का? आणि असं वाटणं हेच तर पहिलं लक्षण. खोलीतल्या मैत्रिणीला मी इतक्यांदा विचारायचे, "तुला ऐकू आलं का गं?" की ती म्हणाली, "तुझे कान तरी तपास, नाहीतर माझे तरी." मी हसले. हसताना बरोबर हसतेय ना, तेही तपासत होते.

शेवटी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, प्रकल्पात तुमचं रक्त घेता येणार नाही, बाहेरून तपासणी करा, पण आधी समुपदेशकाला भेटा. "आणि बहिणीला विचारलंय का? रक्त तिचंही लागेल." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी समुपदेशकाला भेटले आणि रविवारी घरी गेले.

थोरली बागेत घड विरळत होती, जादा मणी कापून टाकत. मांडवाखाली मान वर करून, हातात छोटी कात्री. मी तिला नीट समजावलं, जसं गावोगाव समजावते तसं. ती कात्री चालवतच ऐकत होती.

"माझ्यासारखी निघालीस तर काय होणार?" तिने विचारलं.

"मला भीती वाटते गं."

"कशाची?"

मी वेलीचं एक पान चुरत राहिले.

"माझी," ती म्हणाली. "सांग की सरळ. मी होण्याची भीती वाटते तुला." तिचा आवाज चढला नव्हता. "सकाळी उठते, गोळी घेते, काम करते, आईच्या शिव्या खाते. एवढी वाईट आहे का मी, धाकटे?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने कात्री खिशात टाकली आणि हात पुढे केला. "घे रक्त. मला तरी कळू दे, कोणी आहे का माझ्यासारखं." गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली तरी चालतं म्हटल्यावर ती म्हणाली, "मग एवढा वेळ भाषण कशाला दिलंस?"

निकाल आला. आम्ही एकसारख्या होतो. कागदावर एकच ओळ होती, आणि तसलं वाक्य मी कितीतरी घरांत निवांत आवाजात वाचून दाखवलं आहे. त्या दिवशी मला ते शेवटपर्यंत वाचता येईना. घरी जाऊन आईला सांगितलं. ती आधी ऐकेना, मग भडकली. "मशीन काय सांगतंय मला? मी बाळंत झाले का मशीन? दोन खड्डे होते." उठून परसात गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. आत आली तेव्हा डोळे लाल होते. मग जेवताना ती, एरवी थोरलीच्या ताटाकडे बघते तशी, माझ्याच ताटाकडे बघत होती. थोरलीने माझ्या पानात भाकरी वाढली आणि हळूच म्हणाली, "आवाज आला तर आधी मला सांग. डॉक्टरकडं नंतर जाऊ. आईला तर सांगूच नको."

मी नाशिकला परतले आणि कामाला लागले. मॅडम म्हणाल्या, रक्त सारखं म्हणजे आजार होणारच असं नाही, कित्येकांना कधीच होत नाही, आणि तुमचं वय बघता बराच धोका टळलाय. हे मला माहीत होतं. मीच लोकांना सांगते. पण दुसऱ्याला सांगितलेलं शहाणपण आपल्या उपयोगी पडत नाही, हा माझा अनुभव आहे.

मग एका दुपारी ते घडलं. सगळे जेवायला गेले होते. मी प्रयोगशाळेत नमुन्यांच्या नळ्या लावत होते, फ्रीजची घरघर चालू होती. आणि मला मागून कोणीतरी नावाने हाक मारली. घरच्या नावाने. मी वळले. कोणी नव्हतं. दार उघडून बाहेर बघितलं, सगळा व्हरांडा रिकामा. हातातली नळी तशीच घेऊन मी परत आत आले. एखादी हाक कोणालाही ऐकू येते, थकल्यावर येतेच, त्याने काही सिद्ध होत नाही, हे सगळं पाठ असलेलं मी मोठ्याने म्हटलं. मग माझाच आवाज ऐकून जास्त घाबरले.

थोरलीला फोन लावला आणि म्हटलं, "आवाज आला."

"काय म्हणाला?" तिने विचारलं.

"नुसती हाक मारली."

"एकदाच?"

"एकदाच."

"कोणाचा आवाज होता?"

मला रडू फुटलं. "तुझा."

पलीकडे तिने दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "कुठं बसलीयेस? बाहेर माणसांत जाऊन बस. मी येते."

आजारी पडल्यापासून ती एकटी फाटकाबाहेर गेलेली नव्हती. बसमध्ये लोक बोलतात ते तिला आपल्याचबद्दल वाटतं, तिला घाम फुटतो, म्हणून डॉक्टरकडेही आम्ही गाडी करून नेतो. मी म्हटलं, नको येऊस, मी येते तिकडे. तिने फोन ठेवून दिला होता.

मी स्टँडवर जाऊन थांबले. निफाडकडून येणाऱ्या बसमधून ती शेवटी उतरली. ओढणी डोक्यावरून घट्ट घेतलेली, ओठ चावून चावून रक्ताळलेले. कशीबशी गर्दीतून माझ्यापर्यंत आली आणि माझा दंड धरला. काही विचारलं नाही. माझ्या डोळ्यांत बघितलं, मग ओठांकडे, मग हातांकडे, परत डोळ्यांत. घरातली सगळी माणसं रोज सकाळी ती उठली की तिच्याकडे असंच बघतात, घरी असले की मीही.

मी नजर खाली वळवली. "अशी बघू नकोस ना गं," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्या शेजारी बाकावर बसून समोरच्या बसेसकडे बघत राहिली. माझा दंड तिने सोडला नव्हता.