दुर्बिणीवरचं कुंकू

वच्छलाबाईंना घाबरट म्हणणारा माणूस पुलगावात शोधून सापडला नसता. दुकानाच्या गादीवर बसल्या, की भल्याभल्यांची बोलती बंद! पण एका वस्तूपुढे या बाईचा आवाज खाली यायचा. ती म्हणजे सासऱ्यांनी कुण्या साहेबाकडून घेतलेली पितळी दुर्बीण. ‘तुले एकदा चंद्र दाखवीन,’ असं त्यांचे यजमान हेमराजशेठ म्हणत राहिले आणि न दाखवताच गेले. त्यालाही वीस वर्षं झाली. तेव्हापासून बाईंच्या जिवाला एकच ध्यास होता, मरायच्या आधी तिच्यातून काहीतरी बघायचं.

दुर्बीण मात्र देव्हाऱ्यात. लक्ष्मीपूजनाला तराजूला कुंकू, तिजोरीला कुंकू, तसं तिलाही. आता दुर्बिणीचं कपाळ कुठलं? पुढची काच! घरच्या सुनांनी दरसाल तेलात कालवलेलं कुंकू तिथंच टेकवलं. कुणाला काय कळतंय!

दोन हजार चारच्या जूनमध्ये गावातल्या विद्वत्सभेनं जुनी यंत्रं आणि पोथ्या मांडल्या. होकायंत्र, हातानं लिहिलेली पंचांगं आणि मानाच्या टेबलावर ही दुर्बीण. त्या दिवशी शुक्र सूर्यावरून सरकणार होता. शंभरावर वर्षांत कुणी ते पाहिलं नव्हतं.

सभेचे चिटणीस सदाशिवराव यांनी दुर्बीण खिडकीतून सूर्याकडे रोखली, मागे पांढरा कागद धरला. कागद कोराच! काचेवर कुंकवाचा थर चढलेला. त्यांनी रुमाल काढला, तशी बाईंची सून प्रमिला आडवी आली.

“हात नोका लावू जी! सवाशिणीनं लावलेलं कुंकू पुसत असतेत का कोनी?”

तिचा नवरा हिरालाल खाली मान घालून उभा. सदाशिवरावांचाही हात थबकला. तिकडे मृगाचे ढग सूर्याकडे चढत होते.

हेमराजशेठ गेले तेव्हा वच्छलाबाईंच्या कपाळाचं कुंकू बायकांनी पुसलं, तेव्हा मेलं कुणी आडवं आलं नव्हतं. त्या उठल्या.

“सरक प्रमिला. पाप लागन त मले लागू दे. माह्यं काय पुसाचं राह्यलं आता?”

त्यांनी पदर ओला केला आणि काच पुसत राहिल्या. बोटं लालेलाल झाली.

आणि कागदावर सूर्य उतरला. अख्खा, गोल, थरथरता. त्याच्या अंगावर काळा ठिपका, भाकरीवरच्या तिळाएवढा.

“हा शुक्र,” सदाशिवराव हळूच म्हणाले. “जवळजवळ आपल्या पृथ्वीएवढा.”

“अवं माय!” बाई कागदावर वाकल्या. “एवढीशी पृथ्वी? मंग आपन कुठीसा?”

कुणी हसलं नाही. सगळे त्या तिळाकडे बघत होते. आनंदानं बाईंचे डोळे वाहत होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

प्रमिला पाण्याचा लोटा घेऊन आली. “आत्याबाई, हात धुवा. विधवा बाईचा लाल हात... लोक पाहून राह्यले.”

“पाहू दे,” वच्छलाबाई म्हणाल्या, आणि तो लाल हात त्यांनी कागदापुढे धरून सूर्य तळहातावर घेतला.