हळदीचा लेप

आमच्या घरी दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. कोयता, विळा, पॉवर टिलर, आईचा मिक्सर, कुणाचीच सुटका नाही. त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी कर्जतला उतरून खालापूरकडच्या आमच्या गावी आले तेव्हा पिशवीत माझी पीएचडी होती: नखाएवढी काच, आणि तिच्यावर वाढवलेल्या झिंक ऑक्साइडच्या कांड्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या. दुसऱ्या दिवशी तिचा प्रकाश मोजायला ती पुण्याला न्यायची होती. दुसरी करायला वेळ नव्हता.

या कांड्यांवर अतिनील टॉर्च मारला की त्या हिरव्या चमकतात. तो हिरवा रंग त्यांच्या पृष्ठभागावरच्या दोषांचा. वरून पारदर्शक प्लास्टिकचा पातळ लेप दिला की हिरवा विझतो आणि कांडीचा स्वतःचा प्रकाश उरतो, तो डोळ्यांना जेमतेम दिसतो. म्हणजे माझं काम जितकं चांगलं, तितकी काच काळी. त्या संध्याकाळी मी घरच्यांना आधी तुलनेसाठी आणलेली बिनलेपाची हिरवीगार काच दाखवली, मग मोठ्या अभिमानाने माझी काळी.

भिवपुरीच्या वीजघरात नोकरी केलेले काका म्हणाले, "एवढं शिकून दिवा इझवलास व्हय गं?"

वडिलांनी काचेच्या डबीचं झाकण हळूच लावलं. लेकीचं काही खरं नाही, असं त्यांना वाटलं असावं.

सकाळी आंघोळ करून येते तर कोयत्याशेजारी माझी डबी उघडी, आणि काचेवर मधोमध ओल्या हळदीचं बोट.

"कुंकू नाय लावलं," वडील म्हणाले. "नाजूक हाय म्हणून."

मी किंचाळले. कापसाने पुसलं, पण हळद लेपात मुरली होती. टॉर्च मारला तर काच हिरवीपिवळी पेटली. काका खूश झाले. शेजारचे बघायला आले.

"बाबा, हा उजेड माझा नाही, हळदीचा आहे."

"हळद बी आपल्याच परसातली हाय, बाय."

कुणाला सोनं न देताच मी पुण्याला निघाले. वाटेत रडले. पुढे बरेच महिने घरी गेले नाही.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी काच बघितली आणि म्हणाल्या, "कडा कोऱ्या आहेत ना? कडेला मोज. आणि मधलंही मोज." असा प्रबंधात हळदीचा लेप आला. 'लेपाची पद्धत' याखाली मी 'बोटाने' असं लिहिलं.

तोंडी परीक्षेला वडील इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाकावर बसले. परीक्षकांनी नेमका हळदीचाच आलेख धरला. "हे पुन्हा करून दाखवता येईल का?" आमच्या शास्त्रात जे एकदाच घडतं त्याला काडीची किंमत नसते. पदवी आता गेलीच, असं वाटून मी प्रबंधाची पानं उलटू लागले.

मागे बाक सरकल्याचा आवाज आला. वडील उभे राहिले होते.

"यील की साहेब," ते म्हणाले. "ही दसऱ्याला घरी आली म्हंजे."